'लाइव्ह' छापताय, तर वाजवणार कोण तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात परवा एका ज्येष्ठ रसिकांचं पत्र वाचलं. त्यांचा सगळा राग कीबोर्डवर आहे. या एका फळीनं व्हायोलिन, बासरी, अकॉर्डियन, सॅक्सोफोनवाल्यांच्या पोटावर पाय दिला आणि आता कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा म्हणजे दोन गाणारे, एक ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा विजेवरचा ड्रम) आणि एक बटणं दाबणारा, असं त्यांनी लिहिलंय. तो बटणं दाबणारा मी. त्यांनी पाहिलेला मीच असेन असं नाही, पण जातकुळी तीच. दिवसा शिवाजी उद्यमनगरात लेथवर असतो, संध्याकाळी आणि सुट्टीला कीबोर्ड. लग्न, हळद, यात्रा, गणपती, भजनी मंडळ, नेत्यांचे वाढदिवस, नेत्यांच्या पोरांचे वाढदिवस, वर्षातनं एखाददुसरी नाट्यगीतांची मैफल. जी सुपारी येईल ती.

त्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड आला १९८३ साली, कॉर्गचा एम-१ आला १९८८ साली. एम-१ मध्ये तर पियानो, व्हायोलिनचा ताफा, ट्रंपेट, ड्रम आणि ते एकावर एक भरून ठेवायची सोय, सगळं एका खोक्यात. आपल्याकडं असली वाद्यं पोचायला थोडी वर्षं गेली, पण पोचल्यावर कार्यक्रमाला निघालेल्या टेम्पोतली माणसं कमी होत गेली हे खरंच आहे. लहानपणी मी ज्यांच्या मागं मागं फिरून सूर ओळखायला शिकलो ते काका अकॉर्डियन वाजवायचे. पुढं त्यांनी किराणा दुकान काढलं. त्यांच्यासमोर उभं राहून 'काळ बदलला' म्हणायची माझी छाती नाही.

पण बाकीच्या निम्म्यात त्यांनी चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीय. कारण ज्या कार्यक्रमांत त्यांना कीबोर्ड ऐकू आला, त्यातल्या कितीतरी ठिकाणी कीबोर्ड वाजलेलाच नसणार. स्टँडवर मांडलेला असतो, दिवे लागलेले असतात, मागं माणूस उभा असतो, त्याचे हातही हलत असतात. आवाज मात्र येत असतो साउंडवाल्याच्या लॅपटॉपमधनं. गाण्यातला मूळ गायकाचा आवाज काढून टाकलेला ट्रॅक, आमच्यात त्याला मायनस म्हणतात, तो चालू असतो. वर आपले गायक गातात. कधीकधी तर तेही नुसते ओठ हलवतात, पण तो त्यांचा विषय, त्यांनी लिहावं.

मला असं काम एका हळदीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा सांगितलं गेलं. गाव सांगत नाही. मी वायरी जोडायला लागलो, तर आयोजकांचा माणूस म्हणाला, "दादा, जॅक लावायची गरज न्हाई. तुमी फकस्त मागं उभं ऱ्हावा, हात हालवत ऱ्हावा. गाणी हाईत पेनड्राइव्हवर." पाकीट नेहमीएवढंच होतं. हा कार्यक्रम त्यांनी गावभर फ्लेक्स लावून 'लाइव्ह ऑर्केस्ट्रा' म्हणून जाहीर केला होता. मी जॅक लावला. साउंडवाला ओळखीचा निघाला, त्यानं माझा आवाज ट्रॅकच्या खाली थोडासा ठेवला, म्हणजे माझंही समाधान आणि त्यांचंही. त्या मंडळींनी परत मला बोलावलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. यंत्र वाईट की चांगलं, देशी की परदेशी, विजेवरचं की भात्याचं, यावर भांडण्यात अर्थ नाही. माझ्या लेखी कसोटी एकच: गाणाऱ्यासाठी ते थांबतं का? अंतऱ्याचा शब्द गायकाच्या तोंडातनं निसटला, लावणीवालीनं पुढ्यातल्या आजोबांकडं बघून एक मुरका जास्त घेतला, नाट्यगीतात गायकाला तानेनंतर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला तालाचं आणखी एक आवर्तन लागलं, तर वाजवणारा तिथंच घुटमळतो, गायक कुठं उतरतोय बघतो आणि त्याला झेलतो. साथ म्हणतात ती हीच. ट्रॅक थांबत नाही. गायक चुकला की ट्रॅक पुढं निघून जातो आणि गायकाला त्याच्या मागनं पळावं लागतं. वादकानं गायकाला झेलायचं सोडून गायकानंच पेनड्राइव्हला सांभाळायचं, अशी उलटी गंगा आहे.

ही कसोटी मी कुठं शिकलो म्हणाल तर खासबागेच्या कुस्ती मैदानात. मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं, माझे आजोबा तिथं कुस्त्या बघायला जायचे, वडील मला घेऊन जायचे. मला कुस्तीतलं फार कळायचं नाही, माझं लक्ष हलगीवाल्यांकडं. पैलवान नुसते एकमेकाला चाचपत असले की हलगी नुसती चालत असायची, बाजूला घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं. एखाद्यानं पट काढला, डाव बसायला लागला की हलगी चढायची. डाव सुटला की परत खाली. हलगीवाल्याचे डोळे हलगीवर नसायचेच, ते मातीवर असायचे. त्या वाद्यात काय आहे? एक कडं आणि कातडं. पण कुस्ती कुठं चाललीय ते त्याला ठाऊक असतं. आता हीच हलगी आठ चौकोनांच्या ऑक्टापॅडवर टोन, म्हणजे भरून ठेवलेला तयार आवाज, म्हणून मिळते. कातडं शेकायला जाळ लागत नाही, पावसाळ्यात आवाज बसत नाही. ऑक्टापॅडवाला कुस्ती बघून वाजवत असेल तर माझी तक्रार नाही, जरी खऱ्या हलगीनं छातीत जो हादरा बसतो तो त्यातनं येत नाही तो नाहीच. पण कुणी हलगीचा ठेका भरून ठेवून नुसता चालू करून दिला, तर पैलवानानं त्याच्या लयीत कुस्ती करायची काय?

ज्येष्ठ रसिकांनी लिहिलंय की कीबोर्ड आपल्या मातीतला नाही. बरोबर आहे. पण आपण जिला घरची मानतो ती पेटी तरी कुठली? हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झाली. पायानं हवा भरायची. पुढं आपण तिला मांडी घालून बसता येईल अशी हातभात्याची केली. आणि आज कीबोर्डबद्दल जे बोललं जातं ते सगळं त्या पेटीबद्दल बोलून झालंय: परकी आहे, सूर ठरीव आहेत, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, गळा बिघडवते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत होती. तीस वर्षं या देशात रेडिओवर पेटीची साथ चालत नव्हती, आणि त्याच तीस वर्षांत आमच्या पेठांतल्या प्रत्येक भजनी मंडळात पेटी होती. आमच्या जिल्ह्यातल्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे पेटीवरच मोठे झाले. पुढं कोल्हापुरातच सुरू झालेल्या प्रभात कंपनीच्या पहिल्या बोलपटाला, १९३२ साली, संगीत त्यांचंच. परक्या वाद्याचा त्यांना अडसर झाला नाही.

संगीत नाटकात ऑर्गनवाला रंगमंचापुढं खाली बसायचा, तोंड नटाकडं करून. वन्समोअर आला की काही बोलावं लागायचं नाही. नटानं मान वर केली की ऑर्गनवाल्यानं मुखडा उचललाच. केशवराव भोसले नाट्यगृहात अशी कितीतरी पदं जुन्या माणसांनी ऐकलीत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो, जसं अर्धं कोल्हापूर उभं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

तर ऑर्गनवाला जे करायचा ते कीबोर्डवर करता येतं का? येतं. पण काही गोष्टींवर कीबोर्डशी झगडावं लागतं आणि हे प्रेक्षकांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीत संस्थेच्या परंपरेत तयार झालेल्या एका बाईंना मी यमनमधल्या एका पदाला साथ करत होतो. तालमीत त्या दोनदा थांबल्या. म्हणाल्या, "तुमचा गंधार वर चाललाय हो." मी गाण्याची पट्टी (सा कुठला धरलाय ते) तपासली, काळी पाच, बरोबर होती. पण बाईंचंच बरोबर होतं. तानपुरा चांगला जुळला की त्याच्या तारेतनं आपोआप गंधार निघतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. कीबोर्डचा गंधार असतो बरोबर ४०० वर, कारण तिथं सप्तकाचे सारखे बारा तुकडे केलेत. चौदा सेंटचा फरक. सिनेमाच्या गाण्यात कुणाला कळणार नाही. पण शेजारी तानपुरा असेल आणि गाणाऱ्याचा कान तयार असेल तर तो खड्यासारखा लागतो. बऱ्याच कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंग नावाचा भाग असतो, तिथं एकेक स्वर सेंटांनी वरखाली करता येतो. मी गंधार चौदानं उतरवला. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या गायला लागल्या. पेटीत हेच करायचं तर कारागिराकडं जावं लागतं, तो पितळी सुराची पट्टी मोकळ्या टोकाला खरवडून सूर चढवतो, बुडाशी खरवडून उतरवतो. आणि एकदा उतरवला की सगळ्या रागांना तोच. इथं मी पुढच्या गाण्याआधी परत पूर्ववत करू शकतो. हे कीबोर्डच्या बाजूनं सांगतोय.

दुसरी गोष्ट, दाब. लोकांना वाटतं कीबोर्डची काळी-पांढरी पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा येतो. मीही बरीच वर्षं तेच समजत होतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या माझ्या मित्राचा कीबोर्ड पाण्यात गेला. दुरुस्तीवाल्यानं बघूनच हात वर केले. मी म्हटलं, मेलेलाच आहे तर उघडून बघूया, स्क्रू काय नवीन नाहीत आपल्याला. आतमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराची एक छोटी घुमटी असते आणि तिच्या पोटात काळ्या कार्बनचे दोन ठिपके. पट्टी खाली जाताना एक ठिपका आधी टेकतो, दुसरा कणभर नंतर. यंत्र त्या दोन टेकण्यांमधला वेळ मोजतं, एवढंच. वेळ कमी म्हणजे आवाज मोठा. जोर ते मोजतच नाही, वेग मोजतं. पंचगंगेचा बारीक गाळ त्या ठिपक्यांवर बसला होता, त्यामुळं काही पट्ट्या मुक्या आणि काही एकदम बोंबलायच्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस लावलेली काडी घेऊन सगळ्या घुमट्या पुसल्या. रबराच्या पट्ट्या परत बसवताना दिशा आणि क्रम चुकला तर सगळं मुसळ केरात, म्हणून काढतानाच मागं पेननं आकडे टाकले होते. डिस्प्ले गेला तो गेलाच. पण मित्राची पोरगी अजून त्याच्यावर शिकते, आकडे दिसत नाहीत म्हणून टोन कानानं ओळखते. हे उघडून बघितल्यापासून माझं वाजवणं बदललं. हळुवार गाण्यात मी बोट दाबायचं सोडून उतरवायला शिकलो.

आता नव्या पोरांकडं वळतो, कारण ज्येष्ठ रसिकांचा खरा राग त्यांच्यावर असावा असा मला संशय आहे. कार्यक्रम संपला की दोन-तीन पोरं स्टेजजवळ येतातच. "भावा, काय वाजीवलंयस! टोन कुठला म्हणायचा ह्यो?" गाणं कुठलं, पट्टी कुठली, हे कुणी विचारत नाही. टोन. आपल्याकडं रोलँडचा एक्सपीएस-१० हा कीबोर्ड घराघरात आहे म्हटलं तरी चालेल, हलका आहे, खांद्यावर टाकून दुचाकीवरनं जाता येतं. त्याच्यासाठी सनई, तुतारी, संबळ, बासरीचे टोन पेनड्राइव्हवर विकणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिलाय. रात्री व्हॉट्सॲपवर फोटो, सकाळी गुगल पे, दुपारी टोन. घ्या की, मीही घेतो. पण बासरीचा टोन घेतल्यावर बासरीवाल्याला श्वास घ्यावा लागतो हे कोण सांगणार? कीबोर्डला फुप्फुस नाही, तो एकच ओळ मिनिटभर ताणतो आणि ऐकणाऱ्यालाच दम लागतो. बासरी वाजवायची तर बासरीवाला जिथं थांबला असता तिथं बोट उचलायचं. व्हायोलिनच्या ताफ्याचा टोन हळू उमलतो, म्हणून ठेक्याच्या किंचित आधी बोट टाकावं लागतं, नाहीतर सगळं गाणं मागं ओढल्यासारखं होतं. सनईला डाव्या हातानं पिच बेंडचं चाक फिरवून सूर खालनं वर आणावा लागतो. आणि चाक किती फिरवायचं हे गायकाच्या मींडीवर ठरतं, टोन विकणाऱ्यावर नाही. एवढं जमलं तर पंधरा वर्षांपूर्वीचा टोनही चालतो.

वाद्य सारखं बदलायचा सोस मला समजतो. दर दिवाळीला नवीन मॉडेल येतं, जुनं विकून वर पैसे घालायचे, हप्ते काढायचे. घरचे वैतागतात. माझी मिसेस म्हणते, लेथचा पगार घरात येतो आणि कीबोर्डचा पगार कीबोर्डात जातो. खोटं नाही. तरी पोरांना एक सांगतो: जुन्या वाद्यामागं मिडीचं, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या भाषेचं, पाच भोकांचं सॉकेट असेल तर ते टाकाऊ झालेलं नाही. मिडी १९८३ सालापासून चालत आलंय. अमेरिकेतले वाद्यं बनवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि एकमेकांचे धंद्यातले वैरी असलेल्या कंपन्यांनी एकच भाषा मान्य केली. तेव्हाचं वाद्य आजच्या लॅपटॉपला एका वायरीनं जोडता येतं आणि बोलतं. मोबाइलच्या चार्जरचं हे आपण म्हणू शकत नाही.

लॅपटॉपला जोडायचं म्हटलं की सॉफ्टवेअर आलं. तिथं माझं मत थोडं जुनाट आहे, पण आहे. घरी शिकायला, गाणी बसवायला, स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकायला सॉफ्टवेअरसारखा मास्तर नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की माणूस जमिनीवर येतो. त्यासाठी चोरून उतरवलेली महागडी सॉफ्टवेअरं लागत नाहीत, जी पोरं घेतात आणि वर त्यातनं व्हायरस घेतात. आवाज तयार करायला सर्ज एक्सटी फुकट आहे, स्वरलेखनाला म्युझस्कोर फुकट आहे, रेकॉर्डिंगला रीपर दोन महिने वापरून बघता येतं आणि पुढचा घरगुती परवाना एखाद्या साध्या माइकच्या किमतीत येतो. आणि हो, पेटीवाल्यांनी नाक मुरडायचं कारण नाही, तुमच्यातले कितीजण आज मोबाइलच्या तानपुऱ्यावर रियाज करतात ते आम्हाला ठाऊक आहे.

स्टेजवर मात्र मी लॅपटॉप नेत नाही. बोट पडल्यापासून आवाज येईपर्यंत लॅपटॉपला वेळ लागतो. आवाजाचे तुकडे साठवून मग बाहेर सोडतो तो. साठा ५१२ तुकड्यांचा (सॅम्पलचा) ठेवला तर साधारण बारा मिलिसेकंद नुसते त्यातच जातात, बाकीचं वेगळं. एवढ्या वेळात आवाज हवेतनं चारेक मीटर जातो. म्हणजे तबलजी माझ्या मांडीला मांडी लावून बसलाय आणि मी स्वतः मात्र चार मीटर लांब बसून वाजवतोय असं होतं. चालवून घेणारे चालवून घेतात. साठा कमी ठेवला तर वेळ वाचतो, पण मशीनवर ताण आला की आवाज तडतडतो. त्यात यात्रेतला जनरेटर. दिवे लावले की व्होल्टेज पडतं, आइसक्रीमवाल्यानं मशीन चालू केलं की आणखी पडतं, अर्थिंगच्या नावानं शिमगा, आणि स्पीकरमधनं सतत घुर्रर्र. अशा जागी मला जेवढं कमी उघडायचं-मिटायचं तेवढं बरं. स्टॅबिलायझर, दोन जादा जॅक, एक टॉर्च आणि स्वतःचा अडॅप्टर. अडॅप्टर कधी दुसऱ्याचा घेऊ नये, पिन बसते पण काही कंपन्यांचं अधिक आत असतं, काहींचं बाहेर.

कीबोर्डमधल्या तयार ठेक्यांबद्दलही मला विचारलं जातं. स्टाइल लावून डाव्या हातानं कॉर्ड धरली की ड्रम, बेस, गिटार आपोआप चालतात, मग हा ट्रॅक नव्हे काय? नव्हे. लेथवर चक (काम पकडून ठेवणारा भाग) आपोआप फिरत असतं म्हणून काम आपोआप होत नाही, हत्यार कुठं आणि किती घालायचं ते माणूस ठरवतो. तसंच हे. गायक अंतऱ्यावर रेंगाळला तर मी कॉर्ड धरून ठेवतो, ठेका तिथंच फिरत राहतो. गायक उतरला की मी बदलतो. थांबतं का, या कसोटीला ते उतरतं. चांगल्या वादकांपेक्षा उणं आहे हे कबूल. पण ज्या साखरपुड्याला पाच वादकांचे पैसे देणं परवडत नाही तिथं एका माणसानं खरी साथ केली तर त्यात कमीपणा काय आहे?

पैशाचंही बोलतो, कारण ते कुणी बोलत नाही. ट्रॅकवाला कार्यक्रम आयोजकाला स्वस्त पडतो, तालीम लागत नाही, भांडणं होत नाहीत, कुणी आजारी पडत नाही. त्याला दोष देत नाही, त्याचाही धंदा आहे. पण तो यजमानाकडनं पैसे ऑर्केस्ट्राचे घेतो. तिथं माझी हरकत आहे. आणि तोटा नुसता आम्हा वादकांचा नाही. नवीन गाणाऱ्या पोरी सुरेख गातात, पण ट्रॅकवर वाढल्यामुळं त्यांना आपली पट्टी ठाऊक नसते. "ताई, कुठल्या पट्टीत?" म्हटलं की "ओरिजिनल" म्हणतात. ओरिजिनल तुमच्या गळ्याला झेपत नसलं तरी ओरिजिनलच. मी दोन सूर खाली घेऊन वाजवतो तेव्हा एखादीचा चेहरा असा उजळतो की बस्स. आपला आवाज इतका मोकळा आहे हे तिला त्या दिवशी कळलेलं असतं. कीबोर्डवर त्यासाठी ट्रान्सपोजचं एक बटण असतं. हे एक बटण दाबल्याबद्दल कुणी मला बटणं दाबणारा म्हटलं तर चालेल.

माझी मागणी मोठी नाही. आयोजकांनी, मंडळांनी, हॉलवाल्यांनी पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर स्पष्ट छापावं: वादक कोण, किती, आणि कार्यक्रम ट्रॅकवर असेल तर 'ट्रॅकवर' असं. नेत्यांचे फोटो थोडे लहान केले तर फ्लेक्सवर जागा होते. ट्रॅकवर गाणाऱ्यांचे कार्यक्रम जरूर व्हावेत, हौशी लोकांना त्यानं व्यासपीठ मिळालंय हे मी बघतोय. फक्त त्याला लाइव्ह ऑर्केस्ट्रा म्हणू नये आणि आमच्यासारख्याला मागं शोभेला उभं करू नये. वर्तमानपत्रांनीही कार्यक्रमाची बातमी देताना संवादिनी, तबला, कीबोर्ड, ऑक्टापॅडची साथ कुणी केली ती नावं छापावीत. 'वाद्यवृंदाची साथ लाभली' एवढ्यावर भागवू नये. आपल्याही वर्तमानपत्राला हे सांगतोय, रागावू नका.

ज्येष्ठ रसिकांसाठी जाता जाता ओळखायच्या खुणा देतो, पुढच्या वेळी उपयोगी पडतील. गाण्याचा शेवट बघा: आवाज हळूहळू विरत गेला तर बहुतेक ट्रॅक, सगळ्यांनी मिळून समेवर तोडलं तर माणसं. कीबोर्डवाल्याच्या डोळ्यांकडं बघा, तो गायकाकडं बघतोय की मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्याकडं. गायक हसला, खोकला, शब्द विसरला तेव्हा मागचं संगीत काय करतं ते ऐका. आणि खात्रीची खूण हवी असेल तर वन्समोअर द्या. मधल्या अंतऱ्यापासनं द्या. ट्रॅक असेल तर निवेदक घाईघाईनं पुढं येऊन "वेळेचं बंधन आहे" म्हणेल.

आणि एकदा आमच्या तालमीलाही या. मंगळवार पेठेत एका मित्राच्या माडीवर असते, रविवारी सकाळी. व्हायोलिनवाले एक काका अजून येतात, वयानं हात थोडा थरथरतो, पण गज सरळ पडतो. ते असले की मी व्हायोलिनचा टोन लावत नाही.

आपला,
एक कीबोर्डवादक, कोल्हापूर

(पत्रासोबत नाव-पत्ता दिला आहे, कृपया छापू नये. गणपतीच्या सुपाऱ्या अजून पक्क्या व्हायच्या आहेत.)